शक्ती कायदा महाराष्ट्रात लागू झालेला नाही: त्या मेसेजला ओळीनुसार उत्तर

राज्यात कुठेही लहान मुलीवर किंवा बाईवर अत्याचाराची बातमी आली, की दोन दिवसांत हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. महाराष्ट्रात शक्ती कायदा लागू झाला आहे. तो दोन्ही सभागृहांत एकमताने पास झाला. आता बलात्काऱ्याला 21 दिवसांत फाशी. दिल्लीहून सहा महिन्यांत सही आली नाही तर कायदा आपोआप लागू होतो. आंध्रात हाच कायदा आधीपासून चालू आहे. पोलिस ठाण्यात जा आणि शक्ती कायद्याखालीच गुन्हा नोंदवायला सांगा. प्रत्येक आई-बहिणीपर्यंत पोहोचवा.

मी तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. गेल्या पावसाळ्यात एक आई हा मेसेज झेरॉक्स करून, रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून आमच्याकडे आली. नववीतल्या मुलीवर ओळखीच्याच माणसाने हात टाकला होता. ती आधी पोलिस ठाण्यात गेली होती. टेबलावर बसलेल्याला म्हणाली, "शक्ती कायद्यात घ्या." तो म्हणाला, "मावशी, असा कायदाच नाही." तिला ऐकू आलं ते एवढंच, की तक्रार घेत नाहीत. ती उठून घरी गेली. आमच्या दारात आली ती तिसऱ्या दिवशी, आणि तोवर मुलीचे कपडे धुऊन दोरीवर वाळत पडले होते. तेव्हापासून हा मेसेज कुठल्याही ग्रुपवर दिसला की मी गप्प बसत नाही.

पहिली ओळ: "शक्ती कायदा लागू झाला आहे, एकमताने पास झाला."

यातला दुसरा भाग बरोबर आहे, आणि म्हणूनच पहिला भाग लोकांना पटतो. हे विधेयक डिसेंबर 2020 मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मांडलं. मसुद्यावर वकिलांनी आणि महिला संघटनांनी हरकती घेतल्या. तपास 15 कामकाजाच्या दिवसांत संपवायची अट अव्यवहार्य आहे, संमतीबद्दलचं स्पष्टीकरण आरोपीच्या पथ्यावर पडेल, अशा त्या हरकती होत्या. मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. वर्षभराने, 23 डिसेंबर 2021 ला विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते मंजूर केलं. तेव्हा गृहमंत्री दिलीप वळसे पाटील होते. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही पाठिंबा दिला. टीव्हीवर "शक्ती कायदा मंजूर" अशी पट्टी फिरली आणि लोकांच्या डोक्यात तेच बसलं.

पण मंजूर झालं ते विधेयक. त्याचा कायदा होण्यासाठी राष्ट्रपतींची संमती हवी होती. ती मिळालीच नाही, आणि म्हणून हे विधेयक आजवर एक दिवसही कायदा म्हणून अमलात आलेलं नाही.

हे स्वतः ताडून बघायचं असेल तर एक सोपी खूण आहे. सभागृहात असतं तोवर त्याच्या डोक्यावर "विधानसभा विधेयक क्रमांक" असतो. संमती मिळून राजपत्रात प्रसिद्ध झालं की त्याला "महाराष्ट्र अधिनियम क्रमांक" मिळतो. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का घ्या: सन 1999 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 30. शक्तीचा असा क्रमांक मेसेज पाठवणाऱ्याला विचारा. त्याच्याकडे तो नसणार, कारण तो अस्तित्वातच नाही.

"दिल्लीचा काय संबंध, आपल्या विधानसभेने ठरवलं ना" असंही पुष्कळ जण म्हणतात. त्यांची चीड मला समजते. पण फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. राज्याची तरतूद केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर केंद्राचा कायदा चालतो. याला अपवाद एकच: अनुच्छेद 254 च्या दुसऱ्या खंडाप्रमाणे राष्ट्रपतींनी राज्याच्या विधेयकाला संमती दिली तर त्या राज्यापुरतं राज्याचं चालतं. शक्ती विधेयक भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) या तीन केंद्रीय कायद्यांत बदल करणारं होतं. त्यामुळे मुंबईतल्या मतदानाने काम अर्धंच झालं होतं. अशी संमती मिळतच नाही असंही नाही. मोक्काला ती 1999 मध्येच मिळाली. गुजरातने तसाच कायदा 2003 मध्ये पहिल्यांदा मंजूर केला, तो दिल्लीहून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि अखेर 2019 मध्ये संमती मिळाली. सोळा वर्षं.

"सहा महिन्यांत सही आली नाही तर आपोआप लागू."

या ओळीचं मूळ कुठे असावं हे मला राज्यघटना उघडल्यावर कळलं. अनुच्छेद 201 मध्ये सहा महिन्यांचा उल्लेख खरोखर आहे. पण तो राष्ट्रपतींसाठी नाही. राष्ट्रपतींनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं, तर सभागृहाने सहा महिन्यांत त्याचा फेरविचार करायचा, असं ते कलम सांगतं. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यावा याची मुदत घटनेत लिहिलेलीच नाही.

मधे एक वळण आलं होतं, त्यानेही गोंधळात भर पडली. तामिळनाडूच्या राज्यपालांनी अडवून ठेवलेल्या विधेयकांच्या प्रकरणात 8 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपाल आणि राष्ट्रपतींसाठी कालमर्यादा सांगितल्या, आणि त्या राज्याच्या 10 विधेयकांना संमती मिळाली असं मानलं. त्यानंतर राष्ट्रपतींनी न्यायालयाचा अभिप्राय मागितला. 20 नोव्हेंबर 2025 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की न्यायालय अशा मुदती घालून देऊ शकत नाही आणि संमती "मिळाली असं मानणं" घटनेला धरून नाही. म्हणजे आपोआप काहीही लागू होत नाही.

शक्तीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट झाली. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता रद्द होऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. शक्ती विधेयक ज्या तीन कायद्यांत दुरुस्ती करणार होतं, त्यांतले दोन आता उरलेच नाहीत. उद्या कुणी जुन्या कागदावर सही केली तरी त्यातली बहुतेक कलमं लावायची कशाला, हा प्रश्न राहतोच.

"21 दिवसांत फाशी."

हा आकडा महाराष्ट्राचा नाहीच. तो आंध्र प्रदेशच्या दिशा विधेयकातला आहे: तपासाला 7 आणि खटल्याला 14, असे कामकाजाचे 21 दिवस. तेसुद्धा निकाल लागेपर्यंतचे. आपल्या विधेयकात, समितीच्या बदलांनंतर, तपासाला 30 दिवस आणि खटल्याला 30 कामकाजाचे दिवस होते.

आणि निकाल म्हणजे फाशी नव्हे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, नंतर दयेचा अर्ज. राज्याच्या कुठल्याही विधेयकाने या पायऱ्या पुसता येत नाहीत. निर्भया प्रकरण डिसेंबर 2012 चं. जलदगती न्यायालयाचा निकाल सप्टेंबर 2013 मध्ये आला, फाशी झाली 20 मार्च 2020 ला. कोपर्डीच्या मुलीवर जुलै 2016 मध्ये बलात्कार करून तिला मारलं गेलं. अहमदनगरच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना फाशी सुनावली. सप्टेंबर 2023 मध्ये मुख्य आरोपी येरवडा तुरुंगात मृतावस्थेत सापडला, तोवर उच्च न्यायालयात फाशी कायम होण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. मुंबईच्या शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात 2014 मध्ये तिघांना फाशी झाली होती. उच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2021 ला ती जन्मठेपेवर आणली, म्हणजे शक्ती विधेयक मंजूर होण्याच्या महिनाभर आधी. ज्या आईला "21 दिवस" सांगितलं जातं, ती एकविसाव्या दिवशी काय करणार? ती दिवस मोजते. बाविसाव्या दिवशी तिला वाटतं आपल्याला फसवलं, पैसे खाल्ले गेले. मग ती तारखेला यायचं सोडते. हे मी एकदा नाही, अनेकदा बघितलं आहे.

शिवाय फाशी आजच्या कायद्यात नाही असंही नाही. बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार, अठरा वर्षांखालच्या मुलीवर सामूहिक बलात्कार, बलात्कारात मृत्यू, पुन्हा तोच गुन्हा, या सगळ्यांना भारतीय न्याय संहितेत मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. पोक्सोतही 2019 च्या दुरुस्तीने ती आली.

"आंध्रात हा कायदा चालू आहे, गुन्हे बंद पडले."

हैदराबादजवळ नोव्हेंबर 2019 मध्ये एका पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार करून तिला जाळलं गेलं. त्यानंतर 13 डिसेंबर 2019 ला आंध्रच्या विधानसभेने दिशा विधेयक मंजूर केलं. त्यालाही राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. आंध्रात सुरू झाली ती दिशा पोलिस ठाणी आणि दिशा ॲप. पोलिस ठाणं उघडायला, ॲप काढायला विधेयक लागत नाही, सरकारचा आदेश पुरतो. लोकांनी ठाण्यावरची पाटी बघितली आणि कायदा आला असं धरून चालले. पश्चिम बंगालनेही 3 सप्टेंबर 2024 ला अपराजिता विधेयक एकमताने मंजूर केलं. तेही राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं गेलं.

गुन्हे बंद पडल्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे फाशीच्या मागणीमागचा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते: बलात्काराच्या 90 टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. काका, दीर, शेजारी, शिकवणीचे सर. आमच्या टेबलासमोर आजी येऊन बसते आणि म्हणते, "ताई, मुलीचं झालं ते झालं, पण माझ्या पोराला फास लागंल, असं लिहू नका." घरातून हा दाब येतो तेव्हा मुलगी जबाब फिरवते. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने जानेवारी 2013 मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. फाशी हवी की नको यावर मतभेद असू शकतात, माझ्या स्वतःच्या घरात आहेत. पण फाशीच्या नुसत्या घोषणेने मुली वाचल्या, हे सांगताना हातात काहीतरी असावं लागतं. या मेसेजच्या हातात काही नाही.

"पोलिस ठाण्यात शक्ती कायद्याखालीच गुन्हा नोंदवायला सांगा."

कृपा करून हे कुणाला सांगू नका. कुठलं कलम लावायचं हे बाईने सांगायचं नसतं. तिने काय घडलं ते सांगायचं, कलम लावणं पोलिसांचं काम. त्या टेबलावरचा माणूस "असा कायदा नाही" म्हणाला त्यात तो चुकला नव्हता. पण त्याने त्याच क्षणी कागद पुढे ओढून घडलेलं लिहून घ्यायला हवं होतं. तो कसूरवार आहे इथे, आणि कायदाही तसंच म्हणतो: अशा गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी आहे.

आज लागू असलेला कायदा एवढं देतो. गुन्हा कुठेही घडो, जवळच्या ठाण्यात नोंद व्हायला हवी, नंतर ते संबंधित ठाण्याकडे पाठवतील. खबर महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची. एफआयआरची प्रत फुकट. ठाण्याने नकार दिला तर जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. खबर मिळाल्यापासून 24 तासांत वैद्यकीय तपासणीला पाठवायचं, डॉक्टरांनी अहवाल सात दिवसांत द्यायचा. उपचार सरकारी असो की खाजगी, कुठल्याही दवाखान्यात मोफत. तपास दोन महिन्यांत, आणि दोषारोपपत्रानंतर खटला दोन महिन्यांत संपवायचा असंही लिहिलेलं आहे. खटले त्या मुदतीत संपत नाहीत हे मला माहीत आहे, पण मुदत मागायचा आधार तरी खरा आहे. महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून 10 लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकतं, आणि त्यासाठी निकालाची वाट बघावी लागत नाही.

त्या आईबरोबर मी पुन्हा त्याच ठाण्यात गेले. या वेळी तिने शक्तीचं नावही काढलं नाही. काय घडलं ते सांगितलं, एवढंच. पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. अंघोळ होऊन, कपडे धुऊन तीन दिवस झाले होते, त्यामुळे वैद्यकीय अहवालात फार काही आलं नाही. सगळी भिस्त आता मुलीच्या साक्षीवर आहे.

उरली शेवटची ओळ, "प्रत्येक आई-बहिणीपर्यंत पोहोचवा". पोहोचवायचंच असेल तर हे पोहोचवा: अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा, आणि त्याच दिवशी जा. पोलिसांसाठी 112, महिलांच्या मदतीसाठी 181, मुलांसाठी 1098, मोफत वकिलासाठी 15100.