मिसेस ग्रीनच्या मैत्रिणी कुठे आहेत?

आमच्या वाचनगटात आज ग्रेडी हेंड्रिक्सच्या ‘द सदर्न बुक क्लब्ज गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स’ (2020) या भयकादंबरीवर गप्पा झाल्या. जिच्या तिच्या तोंडी एकच, ‘काय ती मैत्री!’ माझं डोकं तेव्हापासून जे सणकलंय ते अजून उतरलेलं नाही.

वाचली नसेल तर सांगते. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटनजवळचं माउंट प्लेझंट, नव्वदचं दशक. खात्यापित्या घरच्या गोऱ्या गृहिणी जमून खऱ्या खुनांवरची पुस्तकं वाचतात. जवळच देखणा, गोडबोल्या जेम्स हॅरिस राहायला येतो आणि रक्तपिपासू निघतो. पण आधी बळी जातात ते सिक्स माइल या काळ्यांच्या वस्तीतली मुलं. पोलीस ढुंकूनही बघत नाहीत. सांगत असते ती मिसेस ग्रीन, या गृहिणींमधल्या पॅट्रिशियाच्या, म्हणजे नायिकेच्या, सासूचं सगळं करणारी काळी बाई. पण नवऱ्यांनी डोळे वटारल्यावर या जिवलग मैत्रिणी गप्प बसतात, ते तीन वर्षं! तिकडे मुलं जातच राहतात. भीती स्वतःच्या उंबऱ्याशी आली तेव्हा कुठे पुन्हा कंठ फुटतो. हिला मैत्री म्हणायचं?

आज एक बाई म्हणाल्या, ‘मिसेस ग्रीन तर घरच्यासारखीच आहे ना!’

याच बाई संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. इथे न्यू जर्सीत माझी एक शेजारीण आहे, काळी आहे, पेशाने नर्स. तिलाही बोलावलं होतं. छान जांभळा ड्रेस घालून आली होती, हातात नुकतंच दिलेलं वाण. तरी या बाईंनी उष्ट्या प्लेट्स तिच्यापुढे धरल्या आणि विचारलं, ‘कचऱ्याची पिशवी कुठे ठेवलीयस?’ ती शांतपणे म्हणाली, ‘मीही पाहुणीच आहे.’ हातात वाण दिसत होतं हो!

हे काही आभाळातून पडत नाही. 1947 साली न्यूयॉर्कजवळ लेविटाउन उभं राहिलं, अमेरिकन उपनगराचा नमुनाच. तिथल्या भाडेकरारात लिहिलेलं होतं की घरात गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही. घरकामाला मात्र इतर वंशाची माणसं चालतील. म्हणजे काळ्या बाईने यायचं ते फडकं घेऊन. भयकथेतलं उपनगर आजही त्याच करारावर चालतं. मिसेस ग्रीनला त्या सैतानाचं घरही साफ करावं लागतं. आणि त्याच्याकडे काम करणारी फ्रान्सीन नाहीशी होते, तर कोणाला काही पडलेलं नसतं.

मान्य, लेखकाने हे जाणूनबुजून दाखवलंय, मिसेस ग्रीन पॅट्रिशियाला तोंडावर सुनावतेही. आणि त्याला आपल्या आईच्या पिढीतल्या गृहिणींचा मान राखायचा होता, तो त्याने राखला. सासूची शी-मू काढणाऱ्या, कोणी ‘तू दिवसभर काय करतेस’ विचारलं की गिळून गप्प बसणाऱ्या त्या बायका वाचताना माझेही डोळे भरून आले. शेवटी त्या एकत्र येतात तेव्हा मीही श्वास रोखून वाचलं.

पण मिसेस ग्रीन रात्री घरी गेल्यावर कोणाला फोन करते? कोणापाशी रडते? कोणासमोर या बायकांच्या नकला करून खळखळून हसते? ती सोशीक, शहाणी, गोऱ्या बाईची चूक दाखवायला वेळेवर हजर. माझी शेजारीण तशी नाही. ती चिडते, गॉसिप करते, शुक्रवारी आपल्या मैत्रिणींबरोबर पत्ते कुटते आणि हरली की दुसऱ्या दिवशी धड बोलत नाही. प्लेट्सवाल्या बाईंना यातलं काय माहीत असणार? त्यांनी विचारलंच नाही.

टोनी मॉरिसन या काळ्या लेखिकेच्या ‘बिलव्हेड’ (1987) या कादंबरीत भुताने झपाटलेल्या घरासमोर तीस काळ्या बायका येऊन उभ्या राहतात. वर्षानुवर्षं त्या घराशी बोलणं टाकलेल्या. काहींच्या मनात अजून राग, तरी येतात. प्रार्थना करतात, मग गातात. गोरी बाई त्यांना बोलवायला आलेली नसते, त्यांचं त्यांनीच ठरवलेलं असतं. पुढच्या महिन्यासाठी मी तेच पुस्तक सुचवलंय. जड आहे म्हणून दोघींनी आत्ताच नाकं मुरडलीत. मुरडू देत, मी मागे घेणार नाही.