भीती कुणाची?

"देव मानत नाहीस ना, मग चांगलं वागायचं ते कुणाच्या भीतीने?" दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला हे विचारतंच. पूर्वी मी तावातावाने भांडायचो.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रात्रपाळीला एक मावशी यायच्या. वडील मुळात चिडके, त्यात दुखणं. त्यांच्यावर खेकसायचे. त्या मात्र अंग पुसायचं पाणी आणलं की आधी त्यात स्वतःचं कोपर बुडवून बघायच्या. कामाने राठ झालेल्या बोटांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही म्हणे. एकदा मी म्हटलं, "मावशी, केवढी माणुसकी तुमची!" तर म्हणाल्या, "माणुसकी कसली? त्यांचं अंग आहे ते, भाजणार नाही का?"

त्यांच्या ओळखपत्रामागे देवाचा छोटा फोटो होता. तरी कारण सांगताना देव मध्ये आला नाही.

माणुसकी आणि मानवतावाद हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते मला पटत नाही. माणुसकीला उमाळा लागतो, आणि खेकसणाऱ्या म्हाताऱ्यासाठी तो रोज येत नाही. (मला मुलगा असूनही येत नव्हता.) उमाळा आटला तरी समोरच्याचं आपण काही देणं लागतो, आणि ते केवळ तो माणूस आहे म्हणून, असं मानणं म्हणजे माझ्या लेखी मानवतावाद.

1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर शब्दाशब्दाला वाद झाले. माणूस देवाची प्रतिमा आहे असं लिहा, असा ब्राझीलचा आग्रह होता. चीनचे पी. सी. चँग यांचा त्याला विरोध होता. शेवटी देव आला नाही, आणि 'निसर्गतः' हा शब्दही गाळला. 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता, तो भारताच्या हंसा मेहतांनी हटून बदलायला लावला आणि तिथे 'सर्व माणसं' आली. 10 डिसेंबरला 48 देशांनी बाजूने मत दिलं, 8 तटस्थ राहिले, विरोधात एकही नाही. देव गाळला म्हणून त्या 48 देशांतले भाविक काही नास्तिक झाले नाहीत.

आम्हा नास्तिकांना हेच उमगत नाही. मानवतावाद ही आपली खासगी मालमत्ता, अशा थाटात आम्ही बोलतो.

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. मी कोपराची गोष्ट सांगितली. समोरचा म्हणाला, "पण त्या तर देव मानत होत्या!"

हो, मानत होत्या.