बिबट्या काढला, विहीर तशीच

उन्हाळा लागला की यावल-रावेरकडून व्हिडिओ येतो : विहिरीत वाघ पडला. असतो बिबट्याच. सातपुड्यातले नाले आटले की तो पाण्यासाठी, नाहीतर कुत्र्यामागे केळीच्या बागांत उतरतो आणि अंधारात कठडा नसलेल्या विहिरीत जातो. मग चारी कोपऱ्यांना दोर बांधून बाज सोडतात. पोहून दमलेला तो कान पाडून तिच्यावर बसून राहतो. पाण्यात असताना बेशुद्धीचं इंजेक्शन देता येत नाही, बुडून मरेल. म्हणून पिंजरा उतरेपर्यंत थांबायचं. वनखात्याला तेव्हा बिबट्यापेक्षा काठावरची मोबाइलवाली गर्दी आवरणं जड जातं.

तो निघाला की भावकीच्या ग्रुपवर दोन तट. एक म्हणतो, लांब नेऊन सोडा. दुसरा म्हणतो, जंगल त्याचंच, माणसानं हटावं. हा दुसरा बहुतेक पुण्यात राहतो, नाहीतर माझ्यासारखा इंग्लंडात.

लांब सोडून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकरांनी बघितलंय. २००१नंतर तिथले बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं ते असं, की नव्या जागी हल्ले सुरू झाले आणि जुन्नरमध्येही वाढले. केंद्राच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही बिबटे उगाच हलवू नका असाच आहे.

पण दुसऱ्या तटाला चुलतभावानं जे ऐकवलं, तेही खोटं नाही : ‘‘तुले काय जातं बोलाले? लाइट रातची, पाणी भराले मी जातो.’’ इंग्रजांनी आपले लांडगे शेकडो वर्षांपूर्वीच मारून संपवले, आता हेजहॉग या छोट्याशा काटेरी प्राण्यासाठी दवाखाने चालवतात. हेजहॉग कुणाचं वासरू नेत नाही. तिथली भूतदया आणून खानदेशच्या शेतकऱ्याला शिकवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र घ्यावी. तिकडे गुरं रस्त्यानं कुरणाबाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात खड्डा करून त्यावर लोखंडी दांड्या टाकतात. त्यांच्या फटीतून हेजहॉग खाली पडतो आणि अडकून मरतो. श्रॉपशायरच्या मेजर एड्रियन कोल्सनी असाच एक बाहेर काढला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्येक खड्ड्यात वर चढायला उतार हवा म्हणून त्यांनी धोशा लावला, १९८२ साली त्यासाठी संस्थाच काढली.

आपण बिबट्या काढतो, टाळ्या वाजवतो आणि विहीर तशीच ठेवून घरी जातो. पुढच्या वर्षी तिच्यात गाय पडते, कधी पोरगं. चालू विहिरीचा मालक निदान सापडतो. पडीक, गवतात बुडालेल्या विहिरींचं काय? आमच्याच एका विहिरीच्या सातबाऱ्यावर ढीगभर नावं आहेत. निम्मी गावाबाहेर, त्यात एक माझं. कठड्याची वर्गणी आता ग्रुपवर मागितली आहे. व्हिडिओला अंगठे भरपूर पडले होते. वर्गणीखाली अजून चुलतभाऊ आणि मी, दोघंच आहोत.