चिलखतावर बंदी घालताना रेघ कुठे ओढायची?

अमेरिकेत सामान्य नागरिकांच्या बुलेटप्रूफ जॅकेट बाळगण्यावर कायद्याने निर्बंध घालावेत, अशी मागणी अधूनमधून जोर धरते, आणि तिच्यासाठी बहुधा १४ मे २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो शहरातल्या सुपरमार्केटमध्ये झालेल्या हत्याकांडाचा दाखला दिला जातो. त्या दिवशी दहा कृष्णवर्णीय माणसे मारली गेली. तिथले सुरक्षारक्षक ॲरन सॉल्टर हे निवृत्त पोलीस अधिकारी होते. त्यांची गोळी हल्लेखोराला लागलीही, पण त्याच्या अंगावरच्या चिलखताने ती अडवली आणि त्याने सॉल्टर यांनाच ठार केले. स्वतःचा जीव वाचवणाऱ्या वस्तूने इतरांचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना या घटनेला बगल देता येणार नाही.

तरीही न्यूयॉर्क राज्याने त्यानंतर घाईने केलेला कायदा मला पटत नाही. ठरावीक व्यवसायांतली माणसे वगळता इतरांना अशा जॅकेटांची खरेदी-विक्री करण्यास त्याने मनाई केली. पण पहिल्या मसुद्यातली व्याख्या मऊ जॅकेटांपुरती होती आणि बफेलोच्या मारेकऱ्याच्या चिलखतात बसवलेल्या पोलादी पाट्या तिच्यातून सुटल्या. काही आठवड्यांतच दुरुस्ती करावी लागली. व्यवसायांची यादी मात्र तशीच राहिली, आणि ती वाढवण्याचा अधिकार सरकारी खात्याकडे गेला. आम्हा ग्वाल्हेरकरांना अशा याद्यांचे पुढे काय होते हे सांगायला नको. ज्याची ओळख वरपर्यंत असते त्याचे नाव यादीत येते, आणि रात्री रोकड घेऊन घरी जाणारा पेट्रोल पंपाचा व्यवस्थापक किंवा वाळूच्या अवैध उपशावर लिहिणारा तालुक्याचा वार्ताहर अर्जाची पोच सांभाळत बसतो.

दुसरा मार्ग सुचवला जातो तो जाडीचा: पिस्तुलाची गोळी अडवणारे मऊ जॅकेट कोणालाही घेऊ द्यावे आणि रायफलची गोळी थोपवणाऱ्या पोलादी किंवा सिरॅमिक पाट्यांवर निर्बंध घालावेत. कागदावर हे नीटनेटके दिसते. परंतु आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात, जिथे खांद्यावरची बंदूक अजूनही प्रतिष्ठेची खूण मानली जाते आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यांना आवरण्यासाठी शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, तिथे परवान्याच्या बंदुकांत ३१५ बोअरची रायफल सर्रास आढळते, आणि गावठी कट्टेही पुष्कळदा तेच काडतूस झाडतात. म्हणजे धोका ज्या गोळीचा आहे, तिच्यासाठी मऊ जॅकेट बनवलेलेच नसते. अमेरिकी रेघ जशीच्या तशी इथे ओढली, तर प्रामाणिक माणसाच्या वाट्याला नेमके निरुपयोगी जॅकेट येईल.

(प्रतापगडच्या भेटीत महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, हा दाखला कोणीतरी देईलच. तो प्रेरणादायी आहे, परंतु कायद्याचा मसुदा लिहिताना त्याचा उपयोग नाही.)

माझ्या मते निर्बंध माणसावर आणि विक्रीच्या व्यवहारावर असावेत. अमेरिकेच्या २००२ च्या संघीय कायद्याने हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना चिलखत बाळगण्यास मनाई केली आहे, आणि नोकरीसाठी ते आवश्यक असेल तर मालकाच्या लेखी प्रमाणपत्रावर सवलतही ठेवली आहे. ही चौकट मला न्याय्य वाटते, पण ती अपुरी आहे, कारण बफेलोचा मारेकरी अठरा वर्षांचा होता आणि त्याला आधी अशी कोणतीही शिक्षा झालेली नव्हती. म्हणून घरपोच ऑनलाइन विक्री बंद करून समोरासमोर, ओळखपत्र पाहून आणि नोंद ठेवूनच विक्री व्हावी. त्याने प्रत्येक मारेकरी अडेल असे मी म्हणत नाही. परंतु टोपणनावाने पाट्या मागवण्याची सोय तरी राहणार नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये जॅकेटांसाठी मानक ठरवले, पण मानकाचा संबंध जॅकेटाने कोणती गोळी अडवावी एवढ्याशीच असतो. ते कोणाला विकले, याची नोंद शस्त्रांच्या परवानाधारक दुकानदारांकडे सोपवावी. काडतुसांची नोंदवही ते आजही ठेवतातच.