हृदय म्हणजे काय भाकरी आहे?

वहिनीला पाचवा महिना आहे, जुळं आहे. परवा आत्याने तिला एक फॉरवर्ड पाठवलं आणि ती रात्रभर झोपली नाही. त्यातले दावे तीन: ग्रहणात विळी-कात्रीला हात लावला की जुळी चिकटतात; चिकटलेल्या बाळांना वेगळं करण्याआधी हृदयाचं ऑपरेशन करणं म्हणजे बिल फुगवणं; आणि दोघांत एकच हृदय असलं तर हल्ली ते कापून अर्धं-अर्धं देतात, नाही म्हणणारा डॉक्टर चोर.

ग्रहणाचं लगेच उरकतो. अशी जुळी एकाच फलित बीजापासून होतात आणि चिकटायचं-सुटायचं ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ठरतं. तेव्हा दिवस गेलेत हेही बहुतेकींना कळलेलं नसतं. वहिनीच्या सोनोग्राफीत तर दोन वेगळ्या पिशव्या स्पष्ट दिसल्यात. तिथेच विषय संपला.

खरा संताप अर्ध्या हृदयाचा. आवरण तेवढं सामाईक असेल तर सर्जन वाट काढतात. पण रक्त ढकलणारे खालचे कप्पेच एकमेकांत मिसळले असतील, तर वाटायचं काय? 1993 साली फिलाडेल्फियात सात आठवड्यांच्या दोन बहिणींवर शस्त्रक्रिया झाली. त्याआधी शिकागोजवळच्या डॉक्टरांनी वेगळं करू नका असाच सल्ला दिला होता. सामाईक हृदय एकीला ठेवलं, दुसरी टेबलावरच गेली. वाचलेलीही पुढच्या जूनमध्ये गेली. ज्या आईबापांसमोर हा प्रश्न खरोखर उभा असतो, त्यांच्या हातात हे फॉरवर्ड पडलं तर? सरळ सांगणारा डॉक्टर त्यांना चोर वाटेल.

राहिलं बिल. वेगळं करण्याची घाई करू नये, इतपत मान्य. दिल्लीच्या एम्समध्ये 2023 साली छाती-पोटाला जोडलेल्या बरेलीच्या मुली वेगळ्या केल्या, तेव्हा त्या 11 महिन्यांच्या होत्या. पण काही हृदयदोषांत बाळ एका रक्तवाहिनीच्या भरवशावर जगतं, आणि ती जन्मानंतर काही दिवसांत आपोआप मिटते. प्रोस्टाग्लँडिनच्या ड्रिपने ती उघडी ठेवता येते, पण ड्रिपवर वर्ष काढता येत नाही. ती उघडी ठेवणारी नळी (स्टेंट) किंवा रक्ताला दुसरी वाट (शंट) करून द्यावी लागते. शिवाय रक्ताभिसरण जोडलेलं असलं की एकाला दिलेलं औषध दुसऱ्यातही उतरतं. अशा वेळी हृदय आधी, सुटका नंतर. यात धंदा कुठून आला?

आत्याला फोन केला. म्हणाली, "मी थोडंच लिहिलंय? आलं तसं पाठवलं."