व्ह्यू हवा की झोप?

उन्हाळा आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, मेव्हणा सांगतो. "दाजी, यंदा कुठलं तळं?" एवढा एक मेसेज येतो आणि पुढचा महिनाभर घरात नुसते पाण्याचे फोटो फिरत राहतात.

अटी ठरलेल्या आहेत. बायकोला तंबूची चेन उघडली की समोर पाणी हवं. मुलीला रेंज हवी. मेव्हण्याला अशी जागा हवी जी कुणालाच ठाऊक नाही, पण जिच्या फोटोखाली चारशे जणांनी 'अप्रतिम' लिहिलंय. मला पाठ टेकायला सपाट जमीन हवी. पण ही अट म्हणून धरली जात नाही, माझं वय म्हणून सोडून दिली जाते.

पहिल्या वर्षी आम्ही एका धरणाचा जलाशय निवडला. फोटोत काठोकाठ भरलेला. फोटो अर्थात पाऊस भरपूर झाल्यावरचा होता आणि आम्ही पोचलो ऐन उन्हाळ्यात. पाणी मागे हटत हटत कुठल्या कुठे गेलेलं, आणि आम्ही भेगाळलेल्या चिखलावरून त्याचा पाठलाग करतोय. जाणकारांचा नियम असा की तंबू पाण्यापासून निदान 60 मीटर, म्हणजे 200 फूट लांब असावा. काठाची माती अन् झाडोरा तुडवला जात नाही आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट मोकळी राहते. आम्ही अर्धा किलोमीटर लांब होतो. नियमाचं इतकं काटेकोर पालन आमच्या खानदानात आजवर कुणाच्या हातून झालेलं नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र अस्सल तळं. चारी बाजूंनी टेकड्या, मधे वाटीसारखा खळगा, वाटीत पाणी, पाण्यापासून जरा हटून मऊ गवत. बायको म्हणाली, "इथंच." मीही म्हणालो, इथंच. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

रात्री कळलं की गार हवा जड असते. अंधार पडला की ती उतारांवरून घरंगळत खाली येते आणि वाटीच्या तळाशी साचून राहते. तळाशी आम्ही होतो. दुपारी ज्या टॉवेलने घाम पुसला, तोच मध्यरात्री कानांभोवती गुंडाळून मी बसलो होतो.

गारठ्याने डास तरी कमी होतील म्हणावं, तर तेही नाही. चावते ती फक्त मादी. आणि ती आपल्याला हुडकते कशी? आपण सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून! हे ऐकल्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही जरा सुस्कारे कमी टाका." हे त्याने सांगावं, ज्याच्यामुळे टाकत होतो!

म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मग चौघांच्या श्वासातली वाफ आत कोंडली, थंड कापडाला लागून तिचं पाणी झालं आणि पहाटे ते थेंब थेंब कपाळावर पडू लागलं. म्हणजे एकतर डास घ्या, नाहीतर पाऊस घ्या. तंबूत तिसरा पर्याय नसतो.

तळ्याची शांतता हीसुद्धा फोटोतच असते. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानाने गरम असल्यामुळे आवाज वर निघून जायच्या ऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून थेट दुसऱ्या काठाला पोचतो. पलीकडच्या तंबूतल्या नवरा-बायकोचं भांडण आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आलं. विषय एकच, ही जागा निवडली कुणी. मी मनोमन नवऱ्याच्या बाजूने होतो. ते थकून गप्प झाले तेव्हा बेडकांनी सूत्रं हाती घेतली. ओरडतात ते नर, माद्यांना बोलवायला. रात्रभरात एकही आली नसावी, कारण सुरात कुठेही समाधान नव्हतं.

उजाडायच्या आत मी बाहेर पडलो. ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि वळलो, तर तळ्यावर दाट धुकं. ज्या गारठ्याने माझी हाडं गोठवली होती, त्यानेच हे केलेलं! रागारागाने एक फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला.

तिसऱ्या वर्षी वाऱ्याची जागा हवी, हा माझा हट्ट. डास उडण्यात कच्चा, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. ते खरंच निघालं. वाऱ्यापुढे तंबूचंही चालत नाही, हेही निघालं. मेखा जागेवर राहिल्या.

या हौशीने तंबू ठोकण्याच्या खुळाला संघटनेचं रूप दिलं थॉमस हायरम होल्डिंग या इंग्रजाने, 1901 साली, सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना काढून. तो व्यवसायाने शिंपी होता. कापड, दोरे, शिवण... आता सगळं लक्षात येतं.

मधे एकदा राष्ट्रीय उद्यानात गेलो. तिथे जागांना नंबर असतात, आपल्याला फार निवडायचं नसतं. मला तर स्वर्गच वाटला. आमचा नंबर स्वच्छतागृहाला लागून होता. रात्रभर दार धाडधाड आणि दर पाच मिनिटांनी कुणाची तरी टॉर्च आमच्या तंबूवरून फिरून जाई. पुढच्या खेपेला लांबचा नंबर मागून घेतला. रात्री दोन वाजता अंधारात ते अंतर तोडताना आधीच्या नंबरची फार आठवण आली.

यंदा मी सरळ सांगून टाकलं, मी येणार नाही. त्यावर मेव्हण्याने एक फोटो पाठवला. "दाजी, फक्त बघा. कुणालाच ठाऊक नाही ही जागा." धुक्यातलं तळं, मागे टेकड्यांच्या पुसट रेघा, आणि खाली ओळीने अप्रतिम, अप्रतिम, अप्रतिम.

बायकोने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "इथंच."

मी फोटो बोटांनी मोठा केला. डावीकडे कोपऱ्यात, दोरीवर, माझा टॉवेल वाळत होता.