कूलरच्या टाकीत कोण डोकावणार? एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'शाळेतली मुलं आणि डेंग्यू' या माझ्या मागच्या लेखावर 'एक पालक, नरेंद्रनगर' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. रागाने लिहिलेली आहे, पण मुद्द्याची आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चित्रकला स्पर्धा घेऊन आणि प्रभातफेऱ्या काढून डास मरत नाहीत. फवारणी हे महापालिकेचं काम, ते पोरांच्या डोक्यावर कशाला? आणि त्यांची पाचवीतली मुलगी शाळेत डेंग्यूचा कार्यक्रम झाल्यापासून इतकी धास्तावली आहे की डास चावला की 'मी मरेन का?' असं विचारते. शेवटी एक टोला: 'एवढीच काळजी असेल तर आधी पोरांना फुल पॅन्ट द्या.'

नमस्कार. चित्रकला स्पर्धेवरून तुमच्याशी भांडायचं मला काही कारण नाही. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. अंडी, अळी, कोष, डास हे चक्र मुलं बाणांसकट सुरेख काढतात, रंगवतात, पूर्ण गुण घेतात. त्याच मुलांना विचारा, 'तुझ्या घरी डास कुठे होतात?' बहुतेकांची बोटं नाल्याकडे जातात. नाल्यात डास होतात हे खरंच, पण ते मुख्यतः क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्टायच्या मादीला घरातलं, भांड्यातलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. नाग नदीवरून जाताना नाकाला रुमाल लावणारे आपण घरी येऊन या मादीच्या पाळण्याशेजारीच झोपतो.

म्हणून नागपुरात डेंग्यू शिकवायचा तर कूलरपासून शिकवावा, असं माझं मत आहे. पुस्तकात टायर, कुंड्या, नारळाच्या करवंट्या असतात. त्या बरोबरच आहेत, पण आपल्या शहरात खिडकीखिडकीला टांगलेली पाण्याची टाकी असते ती कूलरची. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपण बटण बंद करतो, आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं. वरून पावसाची भर पडते. खिडकी आतून बंद, कूलर बाहेर, कोण बघतो? नेमक्या त्याच दिवसांत विदर्भातल्या शाळा सुरू होतात. (१६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस. त्या दिवशी आपल्याकडची पोट्टी सुट्टीत मामाच्या गावी असतात. दिवस ठरवणाऱ्यांना आपला उन्हाळा ठाऊक नसावा.)

बरं, पाणी ओतून टाकलं म्हणजे काम झालं असंही नाही. ही मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला एकेक चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक, बघणाऱ्याला मळच वाटावा अशी. टाकी उलटी केली तरी ती जागची हलत नाहीत, वाळली तरी कित्येक महिने तग धरतात. तोच कूलर तसाच गच्चीवर ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यात पाणी भरलं, की त्यातली जगलेली अंडी फुटतात. तेव्हा 'पाणी साचू देऊ नका' हे वाक्य अर्धंच आहे. टाकी ब्रशने काठाकाठाने घासावी लागते. शहरभरच्या शाळांच्या भिंती रंगवून झाल्या, पण 'घासा' हा शब्द एका पोस्टरवर दिसेल तर शपथ.

मागच्या लेखात ज्या तासाचं मी कौतुक केलं, तो पोस्टरचा तास नव्हता. घरच्या कूलरमधलं पाणी एक मुलगा बाटलीत घेऊन आला होता, ते आम्ही पांढऱ्या टबात ओतलं. टबावर हाताची सावली धरली की सगळ्या अळ्या वळवळत तळाशी जात, आणि जरा वेळाने एकेक करून वर येत, शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून डोकं खाली करून लटकत. मागच्या बाकावरून आवाज आला, 'मॅडम, हे तं आमच्या टाक्यात रोजच दिसतेत!' बोलणाऱ्याने जीवनचक्राच्या आकृतीत एकही चूक केली नव्हती. वहीतली अळी आणि टाक्यातला किडा एकच, हे त्याला त्या दिवशी कळलं. नंतर ते पाणी आम्ही मैदानातल्या कोरड्या मातीवर ओतलं, मुलांनीच. मला जागरूकता म्हणायची आहे ती ही. गुण किती पडले यापेक्षा मूल घरी गेल्यावर कुठे वाकून बघतं, ते महत्त्वाचं.

आता महापालिका. रिकामे प्लॉट, अर्धवट बांधकामांच्या टाक्या, तुंबलेली गटारं ही कामं मुलांची नाहीत, आणि कुणी ती त्यांच्यावर ढकलत असेल तर तुमच्या बाजूने मीही बोलेन. पण तुम्ही मागताय ती धूर फवारणी. धूर मारतो तो त्या घटकेला उडत असलेल्या डासांना. अंडी आणि अळ्या टाकीत सुखरूप राहतात, आणि पावसाळ्यातल्या उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय एडिस बसते ती पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत. आणि धुराची गाडी गल्लीत आली की आपण काय करतो? वास नको म्हणून खिडक्या लावून घेतो. वस्तीत रुग्ण निघाले की फवारणीला अर्थ आहे. एरवी तो बराचसा दिलासाच.

पाणी उंबऱ्याच्या आत आहे, ही खरी अडचण. महापालिकेचा माणूस फाटकाशी येतो, आपण 'आमच्याकडे काही नाही' म्हणून त्याला परत पाठवतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या पोरांना मात्र कुणी फाटकातून परत पाठवत नाही. त्याच दिवशी आपण मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत 'इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा कोरडा करतो. ती रोगराई नेईलही, पण आपल्या कूलरची टाकी घासून जाणार नाही.

जागृतीने काही होत नाही म्हणता, तर एक अभ्यास सांगते. निकाराग्वा आणि मेक्सिकोत अनेक वस्त्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. सरकारी कार्यक्रम दोन्हीकडे नेहमीसारखा चालू होता. एका गटात त्याच्या जोडीला लोकांनीच मिळून, जादा रसायन न वापरता, घरातली पैदास शोधून मोडायची असं ठरवलं. निकाल २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: ३ ते ९ वर्षांच्या मुलांमधला संसर्ग त्या गटात जवळपास ३० टक्क्यांनी कमी. डास संपले नाहीत. पण तीस टक्के ही थोडी गोष्ट नाही, आणि ती नुसत्या प्रभातफेरीने झाली नाही, याकडे दोघांनीही लक्ष देऊ या.

तुमच्या लेकीच्या भीतीबद्दल मात्र मला वाईट वाटलं. तिच्या शाळेत काय दाखवलं मला माहीत नाही, पण कवटीचं चित्र काढून आरोग्य शिकवण्याची आपल्याकडे खोड आहे. तिला एवढं सांगा: प्रत्येक डास डेंग्यूचा नसतो. एडिसच्या मादीने आधी डेंग्यूच्या रुग्णाला चावायला हवं, मग तिच्या अंगात विषाणू वाढून लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, तेव्हा कुठे तिचा चावा धोक्याचा होतो. आणि डेंग्यू झालाच तरी बहुतेक जण बरे होतात.

काळजी करायची ती मोठ्यांनी, आणि आपण ती बहुधा नको त्या दिवशी करतो. ताप १०३ असतो तेव्हा अख्खं घर जागं. उतरला की हुश्श म्हणून पोराला तिसऱ्याच दिवशी दप्तर देऊन शाळेत धाडायचं. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरत असतानाच रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपण्याचा धोका असतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल मलूल पडणं किंवा चिडचिडं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, मग मेयो किंवा मेडिकल ही सरकारी रुग्णालयं असोत की जवळचा डॉक्टर. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको, रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानांचा रस पाजायचा की नाही यावर घरात वाद घालत बसू नका, त्यात दवाखान्याची वेळ जाते. आणि 'मागच्या वर्षी झाला होता, आता होत नाही' हेही खरं नाही. विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराची दुसरी लागण जास्त त्रासाची ठरू शकते. मुलांना यातलं एकच पक्कं शिकवते मी: ताप उतरला असला तरी पोट दुखत असेल तर बाईंना सांगायचं, लपवायचं नाही.

राहिली फुल पॅन्ट. टोला म्हणून मारलात, पण तुमच्या प्रतिक्रियेतला तोच मुद्दा मला सगळ्यात पटला. ही मादी दिवसा चावते, त्यातही सकाळी उजाडल्यावर दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधी. म्हणजे सकाळच्या शाळेची प्रार्थना आणि दुपारच्या शाळेचा मैदानाचा तास. रात्रीची मच्छरदाणी तिथे कामाची नाही. शिवाय ती फार लांब उडत नाही, काहीशे मीटर फार झाले. त्यामुळे शाळेत चावणारी मादी बहुधा शाळेतच किंवा शेजारच्या आवारात वाढलेली असते. हौसेने रंगवून मैदानात पुरलेल्या टायरांना खालून भोकं पाडली आहेत का, तेही एकदा बघून घ्या. आमच्याकडे पाडून घेतली.

पुढच्या पालकसभेत अर्ध्या चड्डीचा आणि स्कर्टचा विषय मी काढणार आहे, पण शिक्षकाने काढलेला विषय इतिवृत्तातच राहतो. तुमच्या शाळेत पालकांच्या सह्यांचा अर्ज तुम्ही द्या, मुख्याध्यापकांना सरळ नाही म्हणता येणार नाही. मागणी जुलै ते नोव्हेंबर एवढ्यापुरतीच करा. वर्षभरासाठी मागितलीत तर मार्च-एप्रिलच्या उन्हाचं कारण पुढे करून सगळाच अर्ज बाजूला ठेवतील.